मालिका विद्यार्थ्यांची, कात्री प्रेक्षकांची

महाविद्यालयीन कलावंतांना एकेकाळी प्रेक्षक भेटायचा तो स्पर्धेच्या सभागृहात. आता तो मोबाइलच्या पडद्यापलीकडे असतो. दिसत नाही, पण संहितेपासून संकलनापर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याचे मत चालते. विद्यार्थ्यांच्या वेब मालिकांवर ऑनलाइन प्रेक्षकांचा हा प्रभाव नेमका कसा पडतो, त्यातून काय मिळते आणि काय हातचे जाते, याचा हा धांडोळा.

छत्रपती संभाजीनगरात गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगरकडे वळले, की दाटीवाटीची वस्ती सुरू होते. एकाला एक लागून घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. समजा, याच वस्तीत खोली घेऊन शिकणाऱ्या पाच विद्यार्थ्यांनी एक वेब मालिका करायचे ठरवले. भांडवल म्हणजे दोन मोबाइल, एक उसना ध्वनिग्राहक आणि मित्राच्या लॅपटॉपवरील संकलनाची व्यवस्था. विषय घरचाच: खोलीवर राहणारी मुले, तिरसट घरमालक, काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी आणि स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारी जालन्याकडची एक मुलगी. खरे तर गोष्ट तिचीच.

पहिला भाग अठरा मिनिटांचा होतो. सुरुवातीला अडीच मिनिटे पहाटेची गच्ची, रिकामी टाकी आणि पाण्याची वाट पाहणारी ती मुलगी. दुसऱ्या दिवशी यूट्यूबच्या आकडेवारीत दिसते, की निम्मे प्रेक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटातच निघून गेले. जे राहिले त्यांनी घरमालकाच्या आरडाओरडीचा प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. दुसरा भाग मग घरमालकाच्या ओरडण्यानेच सुरू होतो. चौथ्या भागापर्यंत घरमालक मालिकेचा नायक झालेला असतो आणि जिच्यासाठी मालिका लिहायला घेतली, त्या मुलीच्या वाट्याला तीन मिनिटे उरतात. असे करा, असे कोणीही सांगितलेले नसते.

हे उदाहरण कल्पित आहे. मात्र त्यात घडणारी प्रक्रिया खरी असून, कॅमेऱ्याचा मोबाइल हाती असलेल्या कोणत्याही विद्यार्थी गटाला तिला सामोरे जावे लागते.

टाळीपासून टिचकीपर्यंत

प्रेक्षकांनी कलाकृती घडवावी, ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नव्हे. तमाशातील बतावणी समोरच्या गर्दीचा अंदाज घेत लांबते किंवा आटोपते. याच शहरातील उदाहरण द्यायचे, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन करणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे देता येईल. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ते एकट्याने ५२ पात्रे उभी करीत. अस्सल मराठवाडी बोलीतला हा प्रयोग महाराष्ट्रभर आणि परदेशातही डोक्यावर घेतला गेला. एकपात्री प्रयोगात नटाला सहकलाकार नसतो. समोरचा प्रेक्षक हाच त्याचा सहकलाकार. कुठे थांबायचे आणि कुठे घाई करायची, हे त्याच्या हशातून कळते.

महाविद्यालयीन रंगभूमीलाही असाच प्रेक्षक होता. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली आणि एकांकिका हा विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीचा हक्काचा मार्ग ठरला. संभाजीनगरातही विद्यापीठाचा युवक महोत्सव आणि एकांकिका स्पर्धा यांतून पिढ्या घडल्या. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची 'जिगीषा' ही याच शहराची देणगी. पण मोठा प्रेक्षक गाठायचा, तर त्यांनाही मुंबईची वाट धरावी लागली. १९९१ साली 'चारचौघी' रंगभूमीवर आले, ते मुंबईच्या व्यावसायिक नाट्यसृष्टीत. आज एखाद्या विद्यार्थ्याला गाव न सोडता लाखभर प्रेक्षक मिळू शकतात. हा बदल लहान नाही.

मात्र सभागृहातील प्रेक्षक आणि पडद्यापलीकडचा प्रेक्षक यांच्यात मूलभूत फरक आहे. सभागृहात आलेला माणूस नाटक संथ असले तरी सहसा मध्येच उठून जात नाही. शेजाऱ्याचा आणि नटाचा संकोच त्याला बसवून ठेवतो. त्यामुळे लेखकाला वीस मिनिटे उधार मिळतात. पडद्यापलीकडचा प्रेक्षक हा संकोच पाळत नाही. त्याच्या अंगठ्याखाली दुसरे हजार पर्याय असतात. शिवाय सभागृहातील हशा किंवा कुजबुज प्रयोगाबरोबर विरते. ऑनलाइन प्रतिक्रिया मात्र तारीखवार नोंदली जाते आणि कायमची तिथेच राहते.

नजरेचा हिशेब

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले. आरंभीच्या काळात कोणता व्हिडिओ किती जणांनी उघडला, याला तिथे मोठे महत्त्व होते. परिणामी आकर्षक मुखचित्र लावून आत भलतेच दाखवण्याचे प्रकार वाढले. ऑक्टोबर २०१२ मध्ये यूट्यूबने आपली पद्धत बदलून प्रेक्षक किती वेळ पाहतो, या मापाला अधिक वजन दिले. विद्यार्थ्यांच्या मालिकांवर आज दिसणाऱ्या बहुतेक परिणामांचे मूळ या बदलात आहे.

निर्मात्याला व्हिडिओच्या मागे एक आलेख दिसतो. शंभरापैकी किती जण तिसाव्या सेकंदाला उरले होते, कोणत्या मिनिटाला गळती झाली, कोणता प्रसंग पुन्हा पाहिला गेला, हे सारे त्यात असते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककंपनीच्या मालकाला असा आलेख मिळाला असता, तर त्याने तो सोन्याने मढवला असता. नवख्या संकलकासाठी तो उत्तम शिक्षक आहे. अनावश्यक लांबण, अस्पष्ट ध्वनी, स्वतःच्या प्रेमात पडून ठेवलेली दृश्ये यांवर तो निर्दयपणे बोट ठेवतो.

त्याची मर्यादा मात्र कमी लोक ओळखतात. प्रेक्षक कुठे गेला, हे आलेख सांगतो. का गेला, हे सांगत नाही. कदाचित प्रसंग कंटाळवाणा असेल, कदाचित बस आली असेल, कदाचित डेटा संपला असेल. आणि जो राहिला, त्याच्या मनात दुसऱ्या दिवशी काय उरले, याची नोंद कोणत्याच आलेखात नसते. गळती म्हणजे अपयश, असे समीकरण एकदा मनात बसले, की शांतता, संथपणा आणि सूचकता या तीन गोष्टी प्रथम कापल्या जातात. पहाटेच्या गच्चीवरील ती अडीच मिनिटे गेली, ती अशी.

कथा वळवणारे प्रेक्षक

प्रेक्षकांनी कथेत शिरण्याची पहिली गाजलेली घटना २००६ मधली. 'लोनलीगर्ल१५' या नावाने एक किशोरवयीन मुलगी यूट्यूबवर आपली दैनंदिनी सांगत होती. लोक तिला उत्तरे देत आणि त्या उत्तरांचे पडसाद पुढच्या भागात उमटत. काही महिन्यांतच चौकस प्रेक्षक आणि पत्रकारांनी शोधून काढले, की ही मुलगी म्हणजे एक अभिनेत्री असून सारे कथानक रचलेले आहे. फसवणुकीचा गवगवा झाला. तरी मालिका त्यानंतरही २००८ पर्यंत चालली. प्रेक्षकांना कथेत भाग घेण्याची गोडी लागली होती.

२००७ मध्ये फेलिशिया डे या अमेरिकी अभिनेत्रीने 'द गिल्ड' ही मालिका सुरू केली. पैसे संपल्यावर तिने प्रेक्षकांकडेच मदत मागितली आणि पहिल्या पर्वाचे पुढील भाग त्यांच्या देणग्यांतून उभे राहिले. नॉर्वेत २०१५ मध्ये तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने 'स्काम' ही शाळकरी मुलांवरील मालिका आणली. तिची लेखिका-दिग्दर्शिका यूली आंदेम हिने लेखनापूर्वीच किशोरवयीन मुलांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. कथेत प्रसंग ज्या दिवशी आणि ज्या वेळी घडतो, त्याच वेळी त्याची चित्रफीत संकेतस्थळावर येई. प्रेक्षकांचे आधी ऐकायचे आणि मग लिहायचे, हा तिचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतात या प्रकाराला वळण दिले ते टीव्हीएफने. अरुणाभ कुमार, बिश्वपती सरकार, जितेंद्र कुमार ही मंडळी खरगपूरच्या आयआयटीतली; त्यांपैकी सरकार आणि जितेंद्र कुमार यांचा पिंड तिथल्या हिंदी नाट्यमंडळात घडलेला. २०१२ साली दूरचित्रवाणीने नाकारलेली कल्पना त्यांनी यूट्यूबवर आणली. २०१४ मध्ये 'परमनंट रूममेट्स', २०१५ मध्ये 'पिचर्स' आणि २०१९ मध्ये 'कोटा फॅक्टरी' आली. दूरचित्रवाणीच्या कौटुंबिक मालिकांत ज्याला स्थान नव्हते, तो वसतिगृहातला आणि शिकवणी वर्गातला तरुण त्यांनी पडद्यावर आणला. प्रेक्षक तिथे आधीपासूनच होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

मराठीत २०१६ मध्ये भाडिपा अर्थात भारतीय डिजिटल पार्टी सुरू झाली. 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण'मधील अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी हे दोघेही पुण्याच्या महाविद्यालयीन नाट्यवर्तुळातून आलेले. पुढे 'आई आणि मी'मधून घराघरांतले संवाद पडद्यावर आले आणि 'ही तर आमचीच आई' म्हणत लोकांनी ते एकमेकांना पाठवले. सातारा जिल्ह्यात 'कोरी पाटी'ने 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका, तर बारामती परिसरातील कलावंतांनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका लोकप्रिय केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यानंतर हा ग्रामीण आणि निमशहरी प्रेक्षक मोठ्या संख्येने पुढे आला.

या साऱ्याच्याही आधीचे उदाहरण मालेगावचे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट मित्रांना घेऊन काढला. यंत्रमागावर राबणारे कामगार हाच त्यांचा प्रेक्षक आणि हाच त्यांचा समीक्षक. शहराबाहेरच्या कोणाला काय आवडेल, याची फिकीर त्यांनी केली नाही आणि नेमक्या त्याच कारणाने २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानंतर साऱ्या जगाला त्यांचे कौतुक वाटले.

प्रेक्षक एक नव्हे, चार

'ऑनलाइन प्रेक्षक' असा एकवचनी उल्लेख करण्यात मोठी गफलत आहे. विद्यार्थ्यांच्या मालिकेला निदान चार प्रकारचे प्रेक्षक असतात.

पहिला प्रेक्षक ओळखीचा: वर्गमित्र, नातेवाईक, शिक्षक. तो पहिल्या दिवशी येतो, भरभरून स्तुती करतो आणि बहुधा तिसऱ्या भागानंतर येत नाही. त्याच्या स्तुतीवर विसंबणारे गट लवकर निराश होतात. दुसरा प्रेक्षक गावचा. त्याला रस्ता, चौक, दुकानाची पाटी ओळखीची वाटते. 'अरे, हे तर आपल्या पुंडलिकनगरातलं' हा त्याचा आनंद खरा असतो आणि मालिका पुढे पाठवण्याचे काम तोच करतो. तिसरा प्रेक्षक अनोळखी. तो पुण्यात, सुरतेत किंवा दुबईत असतो. त्याला परिसराशी देणेघेणे नसते. गोष्ट पकड घेते की नाही, एवढेच तो पाहतो. मालिकेची खरी परीक्षा याच्यापाशी होते.

चौथा प्रेक्षक माणूस नाही. कोणाला कोणता व्हिडिओ सुचवायचा, हे ठरवणारी ती यंत्रणा आहे. तिला विनोद कळत नाही आणि करुणही कळत नाही. पहिल्या तिघांच्या वागण्यावरून ती अंदाज बांधते. अडचण अशी, की बरेच नवखे निर्माते पहिल्या तिघांना बाजूला ठेवून या चौथ्यालाच खूश करू पाहतात. मुखचित्रावर विस्फारलेले डोळे, शीर्षकात उद्गारचिन्हे, प्रत्येक भागाच्या अखेरीस ओढूनताणून आणलेली उत्कंठा, हे सारे त्याच्यासाठी असते. २०२० नंतर रील्स आणि शॉर्ट्स या उभ्या, छोट्या चित्रफितींचे प्रस्थ वाढल्यापासून तर अठरा मिनिटांच्या भागातून चाळीस सेकंदांचा तुकडा कसा निघेल, याचा विचार लिहितानाच केला जातो. तुकडा गाजतो, तो पाहणारे मूळ मालिकेकडे वळतातच असे नाही.

बोलीची परीक्षा

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांपुढे यात एक खास पेच उभा राहतो, तो भाषेचा. संभाजीनगरच्या रस्त्यावर 'कामून', 'करायलाय' अशा मराठवाडी बोलीबरोबर 'हौ', 'नक्को' ही दख्खनी हिंदीही सहज कानावर पडते. एकाच कट्ट्यावरचे चार मित्र एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतात. ही बोली प्रामाणिकपणे पडद्यावर आणली, तर गावचा प्रेक्षक सुखावतो. अनोळखी प्रेक्षकाकडून मात्र दोन प्रकारचा प्रतिसाद येऊ शकतो. 'काही कळले नाही' हा पहिला. त्यावर तळाशी शब्दपट्टी देणे हा साधा उपाय आहे.

दुसरा प्रतिसाद अधिक फसवा असतो. बोली ऐकताच हसणारा प्रेक्षक मिळतो. तो वाढतो, टिकतो, प्रतिक्रिया देतो आणि हळूहळू बोली म्हणजे विनोद, असा करार निर्माते आणि प्रेक्षक यांच्यात नकळत होऊन बसतो. मग त्याच बोलीत एखादी मुलगी परीक्षेतील अपयशाबद्दल किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबद्दल बोलू लागली, तरी खाली हसण्याची चिन्हेच उमटतात. आपलीच भाषा आपल्याला गंभीर गोष्ट सांगू देत नाही, ही स्थिती कोणत्याही लेखकासाठी क्लेशदायक आहे. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोलीला मराठी चित्रपटात मानाचे स्थान मिळवून दिले. ती बोली दुःख, प्रेम आणि विचारही तितक्याच ताकदीने वाहू शकते, हे दाखवण्याचे काम आता नव्या पिढीकडे आहे. त्यासाठी पहिल्या हशाला भुलून चालणार नाही.

प्रसाराचे गणित

पैशाचा मोह मोठा असतो; म्हणून गणित समजून घेतलेले बरे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवण्यासाठी यूट्यूबने २०१८ पासून १ हजार सदस्य आणि वर्षभरात ४ हजार तासांचे दर्शन अशी अट घातली. ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक प्रेक्षक सरासरी ४ मिनिटे थांबतो असे धरले, तर ६० हजार वेळा मालिका पाहिली जायला हवी. आठ भागांची मालिका असेल, तर प्रत्येक भागाला साडेसात हजार प्रेक्षक. एवढे झाल्यावर उत्पन्नाची केवळ सुरुवात होते. छोट्या चित्रफितींसाठी वेगळे निकष आहेत आणि २०२३ पासून प्राथमिक सुविधांसाठीची मर्यादा शिथिल झाली आहे. तरी वेब मालिकेवर खोलीचे भाडे निघेल, असा हिशेब कोणी मांडू नये.

व्हॉट्सॲपचा मुद्दाही असाच. मालिकेची फाइल गटागटांतून फिरली, तर ती हजारो लोक पाहतील; पण त्यांतील एकही नजर यूट्यूबच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून अनुभवी मंडळी दुवाच पाठवतात. मग उरतो प्रायोजक. 'परमनंट रूममेट्स'ला घरे शोधून देणाऱ्या संकेतस्थळाचे, तर 'कोटा फॅक्टरी'ला ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे पाठबळ होते. गावपातळीवर हीच भूमिका खानावळ, मोबाइलचे दुकान किंवा शिकवणी वर्ग बजावतो. परीक्षार्थींच्या कोंडमाऱ्यावरील मालिकेला शिकवणी वर्गाचेच पैसे मिळाले, तर कोणते संवाद गळतील, याचा विचार पैसे घेण्यापूर्वीच केलेला बरा.

कायद्याची एक बाबही अनेकांच्या ध्यानात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी केलेल्या नाट्य-संगीत प्रयोगाला सवलत आहे. पण ती प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा मर्यादित वर्तुळातले असतील तर. स्नेहसंमेलनात चालून गेलेले चित्रपटगीत यूट्यूबवर चढवले, की प्रेक्षक बदलतो आणि सवलतही संपते. त्यामुळे मालिकेसाठी संगीत स्वतः करावे किंवा परवानगीचे वापरावे.

प्रतिक्रियांची किंमत

ऑनलाइन प्रेक्षकांच्या वर्तनाचा सर्वांत मोठा भार पडतो तो मालिकेत काम करणाऱ्या मुलींवर. एकाच प्रसंगात मुलाच्या अभिनयावर आणि मुलीच्या दिसण्यावर प्रतिक्रिया येतात. सभागृहातील शेरा प्रयोगाबरोबर संपत असे. हा शेरा घरच्यांना, नातेवाइकांना, पुढे नोकरी देणाऱ्यालाही वाचता येतो. चार भागांनंतर नायिका मालिका सोडते आणि कथेत ती 'गावी गेली' असे दाखवले जाते. प्रेक्षकांनी मालिका घडवण्याचा हा सर्वांत वाईट प्रकार म्हणावा लागेल. यावर उपाय अवघड नाहीत. अपशब्द अडवण्याची सोय यूट्यूबमध्ये आहे. प्रतिक्रिया तपासून प्रसिद्ध करता येतात. आणि हे काम स्वतः कलाकारावर न टाकता गटातील दुसऱ्या कोणाकडे देता येते.

चित्रीकरणाच्या ठिकाणचे लोक हाही दुर्लक्षित विषय. पाण्याच्या टँकरपाशी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा तिला न विचारता मालिकेत आला आणि मालिका गाजली, तर तिची तक्रार रास्तच असेल. एक साधी लेखी संमती पुढचा मनस्ताप वाचवते.

ऐकावे किती, वळावे किती

मग प्रेक्षकांकडे पाठ फिरवायची काय? तसे करणे अहंकाराचे आणि तोट्याचेही ठरेल. ध्वनी ऐकू येत नाही, वाक्य पुस्तकी वाटते, पोलीस ठाण्यात असे बोलत नाहीत, असे सांगणारा प्रेक्षक फुकटचा गुरू आहे. प्रश्न आहे तो कोणत्या बाबतीत ऐकायचे, याचा. कारागिरीबाबत प्रेक्षकाचे बहुधा बरोबर असते. गोष्ट कोणाची आणि का सांगायची, हा निर्णय मात्र सांगणाऱ्याचा आहे.

त्यासाठी काही पथ्ये पाळता येतात. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी शेवटच्या भागाची संहिता लिहून ठेवावी. म्हणजे मधली वळणे बदलली तरी मुक्काम बदलत नाही. शक्य असल्यास निम्मे भाग आधीच चित्रित करावेत. आलेख पाहावा, पण एका भागाचा पाहून निर्णय घेऊ नये. आणि ऑनलाइन टाकण्यापूर्वी मालिका एकदा वीस माणसांना एका खोलीत बसवून दाखवावी. त्यांचे चेहरे पाहावेत. प्रेक्षक कुठे गेला, हे आलेख सांगतो. तो कुठे गप्प झाला, हे फक्त चेहरा सांगतो.

पुंडलिकनगरच्या त्या कल्पित मालिकेत घरमालकाला जागा असायला हरकत नाही. लोकांना तो आवडला, हे त्या विद्यार्थ्यांचे यशच. परंतु तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारी ती मुलगी पहाटे गच्चीवर पाण्याची वाट पाहत उभी आहे. तिच्यासारख्या मुली या वस्तीत आणि मराठवाड्यातील अशा अनेक वस्त्यांत आहेत. त्यांची गोष्ट मुंबईहून येऊन कोणी सांगणार नाही. त्या अडीच मिनिटांसाठी शंभरातले तीसच प्रेक्षक थांबले, तरी ती कापण्यापूर्वी त्या तिसांचाही विचार व्हायला हवा.